अवजारांचं पाकीट पेशंटसमोर फोडा : राज्य दंत परिषद आणि महापालिकेच्या आरोग्य खात्याला खुले पत्र

मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य दंत परिषद
आणि
मा. कार्यकारी आरोग्य अधिकारी, बृहन्मुंबई महानगरपालिका
यांस,

स. न. वि. वि.

मुंबईतल्या खासगी दाताच्या दवाखान्यांत पेशंटच्या तोंडात जाणारं अवजार खरोखर निर्जंतुक आहे का, हे दवाखान्यात जाऊन नेमाने तपासणारं आज कोणी नाही. सगळी भिस्त एकट्या डॉक्टरांच्या सचोटीवर. ती तपासणी सुरू व्हावी आणि पेशंटला ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीतला मोठा काळ एका रुग्णालयाच्या सी.एस.एस.डी.त गेला. ऑपरेशन थिएटरची अवजारं जिथे धुतली जातात, पुसून बांधली जातात आणि वाफेवर निर्जंतुक होऊन परत जातात, तो हा विभाग. पेशंटला तो कधी दिसत नाही. पण तिथे एक ट्रे चुकला तर वॉर्डात जखमा चिघळतात, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून दाताच्या दवाखान्यात गेले की माझं लक्ष आधी खुर्चीशेजारच्या ट्रेवर जातं.

राहते विक्रोळीला, कन्नमवार नगरात. आमच्याकडे दाताच्या दवाखान्यांना तोटा नाही. तळमजल्याचा गाळा, बाहेर चार खुर्च्या आणि टीव्ही, काचेच्या पार्टिशनपलीकडे डॉक्टरांची खुर्ची. घाटकोपर, भांडुप, लालबाग, गिरगाव, कुठेही जा, चित्र साधारण हेच. या छोट्या दवाखान्यांबद्दल मला आकस नाही. उलट दाढ ठणकायला लागली की रात्री साडेनऊलाही शटर उघडं ठेवणारे हेच डॉक्टर असतात, आणि त्यांच्यातले काही किती काटेकोर आहेत ते मी स्वतः पाहिलंय. माझं म्हणणं इतकंच, की काटेकोर डॉक्टर कुठला आणि हयगय करणारा कुठला हे पेशंटला कळायला काही मार्ग नाही. दोघांच्या भिंतीवर तीच पदवी, काउंटरवर तेच हसरे दात.

काही महिन्यांपूर्वी सुनेची अक्कलदाढ काढायला तिच्याबरोबर गेले होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका दवाखान्याचा नाही. आत मी खुर्चीच्या पायथ्याशी उभी होते. ट्रेवर आरसा, चिमटा, प्रोब आधीपासून उघडे पडलेले. ते कधी आणि कुठून काढले, सांगायला कोणी नाही. असिस्टंट मुलीने ग्लोव्हज घातले, त्याच हातांनी फाइल काढली, ड्रॉवर उघडला, मोबाइल वाजला तो बंद केला आणि मग सुनेच्या तोंडात सक्शनची नळी धरली. तिथवर मी गप्प राहिले.

पहिल्या इंजेक्शनने हिरडी पुरती बधिर झाली नाही. डॉक्टरांनी तीच सिरिंज उचलली, तीच सुई भुलीच्या बाटलीच्या रबरी बुचात खुपसली, औषध ओढून घेतलं आणि पुन्हा टोचलं. काम झाल्यावर बाटली ड्रॉवरमध्ये गेली. तीस मिलिलिटरची बाटली होती ती. एका पेशंटला त्यातलं दोन-चार मिलिलिटर पुरतं. म्हणजे माझ्या सुनेच्या तोंडातून आलेली सुई जिच्यात बुडली, तीच बाटली पुढच्या कितीतरी जणांसाठी उघडणार होती. आणि सुनेच्या आधी तिच्यात काय बुडलं होतं, ते विचारायला मी उशीर केला असं म्हणण्यातही अर्थ नाही, कारण ते कुणालाच ठाऊक नसतं.

मी बोलले. डॉक्टर रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "मावशी, इतकी वर्षं प्रॅक्टिस करतोय, आजवर कुणाला काही झालेलं नाही."

या वाक्याचा मी तेव्हापासून विचार करते आहे, कारण ते डॉक्टर मनापासून बोलत होते. पण झालं नाही, हे त्यांना कळणार कसं? काविळीचा हिपॅटायटिस बी विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला एक ते सहा महिने लागतात. हिपॅटायटिस सी तर वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरत राहतो. कावीळ झालेला माणूस बाहेरचं पाणी आठवतो, गाडीवरची पाणीपुरी आठवतो. चार महिन्यांपूर्वी काढलेली दाढ त्याला आठवत नाही, आणि फिजिशियनही बहुधा विचारत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्ताच्या डागातही, निदान सात दिवस तग धरतो. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेकांना लहानपणी त्याची लसही मिळालेली नाही. "कुणाला काही झालं नाही" याचा अर्थ एवढाच, की कुणी परत येऊन सांगितलं नाही.

दर वेळी असंच गुपचूप होतं असंही नाही. २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुपत्तूर जिल्ह्यात, वाणियंबाडीच्या एका दाताच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्या लोकांच्या मेंदूत मेलिओयडोसिस या जिवाणूजन्य रोगाचा संसर्ग पोहोचला आणि आठ जण दगावले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी इतरांबरोबर मिळून त्याचा माग काढला. कारण निघालं सलाइनची बाटली. ती हिरडी बाजूला सारायच्या अवजाराने उघडली जायची, वापर झाला की तोंडाशी बोळा लावून ठेवली जायची आणि पुढच्या पेशंटला तीच वापरली जायची. कुठलं महागडं यंत्र बिघडलं नव्हतं. प्रत्येक पेशंटला नवी बाटली फोडली असती तर ती माणसं आज जिवंत असती. ड्रॉवरमध्ये परत जाणारी ती भुलीची बाटली पाहताना मला हेच आठवत होतं.

आता थोडं अवजारांबद्दल. हे नीट कळल्याशिवाय माझी मागणी कळणार नाही, आणि आपल्यापैकी प्रशासकीय बाजूने जे हे पत्र वाचतील त्यांच्यासाठीही ते गरजेचं आहे.

दात कोरायच्या यंत्राला दवाखान्यात हँडपीस म्हणतात. हवेच्या दाबावर त्याचं टोक मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. ते थांबतं तेव्हा क्षणभर आत ओढ तयार होते आणि तोंडातली लाळ, रक्त नळीच्या आत जाऊ शकतं. त्यामुळे हँडपीस बाहेरून स्पिरिटच्या बोळ्याने पुसणं हा निव्वळ सोपस्कार झाला. आतली घाण आतच राहते आणि पुढच्या माणसाच्या तोंडात पाण्याच्या फवाऱ्याबरोबर बाहेर पडते. प्रत्येक पेशंटनंतर हँडपीस काढायचा, धुवायचा, तेल द्यायचं, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टाकायचा, हा खरा नियम. या सगळ्याला, वाळण्यासकट, पाऊण तास धरा.

आता हिशोब मांडू. संध्याकाळी सहा ते साडेनऊ दवाखाना, वीस-वीस मिनिटांनी पेशंट, म्हणजे दहा जण. दवाखान्यात हँडपीस दोन. पहिले दोन पेशंट निभावले. त्यानंतर ऑटोक्लेव्ह अखंड चालवला, कुणी एक मिनिटही वाया घालवलं नाही, तरी साडेतीन तासांत जेमतेम सहा-सात जणांना निर्जंतुक हँडपीस मिळेल. उरलेल्या तिघा-चौघांच्या तोंडात काय गेलं? या प्रश्नाला प्रयोगशाळा लागत नाही. दवाखान्यात हँडपीस किती आणि त्या दिवशी पेशंट किती, एवढे दोन आकडे तपासनिसाने विचारले तरी पुष्कळ काही उघड होईल.

ऑटोक्लेव्ह असणं आणि तो काम करणं यांतही अंतर आहे. १२१ अंशांवर निदान पंधरा मिनिटं किंवा १३४ अंशांवर तीन-चार मिनिटं दाबाखालची वाफ अवजाराच्या प्रत्येक भागाला लागायला हवी. कुकरसारख्या साध्या ऑटोक्लेव्हमध्ये हवा पूर्ण निघत नाही, आणि पोकळ अवजारात हवा अडकली की तिथे वाफ पोहोचत नाही. त्यासाठी आधी हवा खेचून घेणारा ऑटोक्लेव्ह लागतो, बी क्लासचा. आणि हे सगळं अवजार आधी घासून धुतलेलं असेल तरच. सुकलेल्या रक्ताखाली जंतू सुरक्षित राहतात. आमच्या विभागात नवी मुलगी आली की पहिले कितीतरी दिवस तिला फक्त धुणं शिकवायचो, वाफ नंतर.

कित्येक दवाखान्यांत निळ्या दिव्याचं कपाट असतं. पेशंटला वाटतं अवजारं त्यातच निर्जंतुक होतात. ते कपाट फार तर निर्जंतुक झालेली अवजारं ठेवायला. ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात वीस मिनिटं बुडवून काढलेलं अवजारही निर्जंतुक होत नाही. त्या द्रावणाला त्यासाठी दहा तास लागतात. उकळत्या पाण्याने जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्यांची सुप्त रूपं, मरत नाहीत. मी सांगते ते नवीन काही नाही, डेंटल कॉलेजच्या विद्यार्थ्यालाही हे तोंडपाठ असतं. शिकताना पाठ असलेली गोष्ट गाळ्यात आल्यावर का सुटते, त्यावर नजर कुणाची, हा माझा प्रश्न आहे.

कागद चाळले तेव्हा जे दिसलं ते असं. दवाखान्यातल्या एक्स-रे मशीनवर अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर आहे. कचऱ्यासाठी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आहेत आणि त्यांची परवानगी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं. डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी आपल्या परिषदेकडे. महाराष्ट्राचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा पेशंट दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी, त्यामुळे एका खुर्चीचा दवाखाना त्याच्या बाहेर. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा अशा दवाखान्यांनाही लागू होतो, पण तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणजे मशीनला मालक आहे, कचऱ्याला आहे, पदवीला आहे. तोंडात जाणाऱ्या चिमट्याला नाही. याच शहरात उडप्याच्या हॉटेलला महापालिकेचा आरोग्य परवाना लागतो आणि तो लागावाच. पण इडलीच्या भांड्यापेक्षा रक्तात बुडणाऱ्या अवजाराची विचारपूस कमी असावी, हे मला पटत नाही.

पेशंट विचारत का नाहीत, असं कुणी म्हणेल. पेशंट आडवा असतो, तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा, गाल बधिर. त्याने कधी आणि काय विचारायचं? शिवाय आपल्याकडे डॉक्टरांना असं विचारणं म्हणजे त्यांचा अपमान, ही समजूत खोल आहे. माझी सून बाहेर आल्यावर मलाच म्हणाली, "आई, पुढच्या आठवड्यात टाके काढायला परत त्यांच्याकडेच जायचंय ना." खरं होतं तिचं.

डॉक्टरांची बाजू मी जाणते. मुंबईत गाळ्याचं भाडं काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. बी क्लासचा ऑटोक्लेव्ह लाखाच्या घरात जातो, चांगला हँडपीस काही हजारांचा, आणि वारंवार वाफेवर घातला की तो लवकर झिजतो. पेशंट समोरच्या दवाखान्यात शंभर रुपये कमी आहेत म्हणून निघून जातो. जो डॉक्टर पाच-सहा हँडपीस ठेवतो, प्रत्येक वेळी नवं पाकीट फोडतो, त्याचा खर्च जास्त आणि बिलात तो दिसत नाही. म्हणजे काटेकोरपणाचा आज धंद्यात तोटाच होतो, आणि तपासणी नसल्याची सगळ्यात मोठी झळ प्रामाणिक डॉक्टरांनाच बसते. त्यांनी या पत्राकडे आपल्या विरोधातलं पत्र म्हणून पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि जमत नाही असं तर मुळीच नाही. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर याच गाळ्यांतून पूर्ण पोशाख आला, दोन पेशंटांमध्ये वेळ सोडला जाऊ लागला, खुर्ची प्रत्येक वेळी पुसली गेली. पेशंटनी त्याचे जादा पैसेही मुकाट दिले. तेव्हा भीती डॉक्टरांनाही होती. आता पेशंटच्या बाजूचा धोका तेवढा उरला आहे आणि तो त्याला माहीत नाही.

असिस्टंट मुलींबद्दल लिहायलाच हवं. बहुतेक जणी वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या, कामावरच शिकलेल्या. अवजारं धुणं, सुया टाकणं, कचरा बांधणं सगळं त्यांच्याकडे. त्यांना हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस मिळालेत का, हे कुणी विचारत नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालताना बोटात सुई गेली की ती मुलगी नळाखाली हात धुते आणि कामाला लागते. तीच गोष्ट कचऱ्याची. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज आणि सक्शनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काच निळ्यात, आणि रक्ताळलेला कचरा अठ्ठेचाळीस तासांपलीकडे साठवायचा नाही, असा नियम आहे. यातलं काही घरगुती कचऱ्याच्या काळ्या पिशवीत गेलं, तर ती सुई आधी सोसायटीच्या सफाई कामगाराला लागते आणि मग कचरा वेचणाऱ्या बाईला.

आपल्याकडून मला काय हवंय, ते आता सांगते.

दंत परिषद नोंदणीचं नूतनीकरण करताना डॉक्टरांकडे शिक्षणाचे पॉइंट मागते. त्याच वेळी दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हच्या बीजाणू चाचणीचे वर्षभराचे अहवाल मागा. पाकिटावरची पट्टी रंग बदलते ती फक्त उष्णता लागली एवढंच सांगते. जंतू मेले का, ते बीजाणूंची पट्टी ऑटोक्लेव्हमधून काढून प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावरच कळतं. ही चाचणी दर आठवड्याला व्हावी असा दंडक जगात आहे. आपण सुरुवात महिन्यातून एकदापासून केली तरी चालेल.

छोट्या डॉक्टरांनी ही चाचणी कुठे करायची, याचं उत्तर महापालिकेच्या हाताशी आहे. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय महापालिकेचंच आहे. फोर्टात शासकीय दंत महाविद्यालय आहे. सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग, शिकवणारी माणसं, विद्यार्थी, सगळं आहे. दवाखान्यांनी पट्ट्या पाठवाव्यात, नाममात्र फी भरावी, अहवाल घ्यावा. नापास झालेल्या डॉक्टरला आधी दंड लावू नका. ऑटोक्लेव्ह दुरुस्त करायला मुदत द्या, तोवर अवजारं कुठे निर्जंतुक करून मिळतील ते सांगा. मी ज्या विभागात काम केलं तिथला अनुभव असा, की माणूस धाकाने अवजारं लपवतो आणि मदत मिळाली की दाखवतो. त्यानंतरही जो ऐकणार नाही, त्याच्यावर मात्र परिषदेने कारवाई करावी आणि ती जाहीर करावी.

आरोग्य खात्याने प्रत्येक वॉर्डातल्या दाताच्या दवाखान्यांची यादी करावी आणि वर्षातून एकदा न कळवता भेट द्यावी. हँडपीस किती, पेशंट किती, भुलीच्या आणि सलाइनच्या उघड्या बाटल्या किती, पांढरा डबा कुठे, असिस्टंटला लस झाली का. अर्ध्या तासात आटपणारं काम आहे. त्यासाठी नवा कायदा लागणार असेल तर शासनाकडे तो मागा, पण तोवर परिषद आणि महापालिका मिळून हे स्वेच्छेच्या पातळीवर सुरू करू शकतात. चांगले डॉक्टर आनंदाने पुढे येतील, मला खात्री आहे.

आणि सगळ्यात आधी, पैसा लागत नाही म्हणून उद्यापासूनच करता येईल अशी गोष्ट : परिषदेने प्रत्येक दवाखान्याला मराठीत एक फलक लावायला सांगावं. अवजारांचं बंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं जाईल. हँडपीस पाकिटातून निघेल. सुई आणि सिरिंज नवी असेल आणि वापरलेली सुई औषधाच्या बाटलीत पुन्हा जाणार नाही. ग्लोव्हज तुमच्यासमोर घातले जातील. तसं दिसलं नाही तर विचारा, तो तुमचा हक्क आहे. खाली परिषदेचा फोन नंबर. फलक बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी लागावा, कारण आत गेल्यावर वाचता येत नाही.

हा फलक कसा असावा याचा एक कच्चा मसुदा मी हाताने लिहून या पत्रासोबत परिषदेच्या कार्यालयात पोस्टाने पाठवला आहे. त्यातले शब्द बदला, कमी करा. विक्रोळीतल्या काही डॉक्टरांशी मी बोलले आहे, ते आपल्या दवाखान्यात तो लावायला तयार आहेत. परिषदेचं नाव आणि शिक्का त्यावर असावा, इतकीच त्यांची अट आहे. तो शिक्का कधी मिळेल, ते कृपया कळवावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई